लॉर्ड ऑफ द रिंग्ज: आधी कादंबरी की आधी सिनेमा? नाशिककर वाचकांचा सल्ला हवा

गोदाकाठ
२ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

मुलगी सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने मीना किणीकरांनी केलेला 'हॉबिट'चा मराठी अनुवाद वाचला, तोही दोनदा. तेव्हापासून 'पुढचं मोठं पुस्तक' आण म्हणून मागे लागली होती. मुग्धा कर्णिक यांचा 'स्वामी मुद्रिकांचा' आता घरात आलाय. सासरे निवृत्त शिक्षक, मूळचे निफाडकडचे. ते म्हणाले, "रात्री जेवणं झाली की तासभर मी मोठ्याने वाचीन. तिचंही होईल, माझंही होईल." परीक्षा संपली की सुरू करायचं असं ठरलंय.

परवा माझा भाचा आला होता, इंजिनिअरिंगला आहे. पुस्तकाची जाडी बघून म्हणाला, "मावशी, एवढं कशाला वाचत बसता? तिन्ही सिनेमे दाखव, सगळं त्यात आहे." आमच्या इमारतीत, इंदिरानगरला, मे महिन्यात पोरांसाठी गच्चीवर प्रोजेक्टर लावतात. तिथे तीन शनिवार हेच तीन सिनेमे लावायचं आता जवळपास नक्की झालंय.

मी स्वतः सिनेमे पाहिलेले नाहीत आणि कादंबरीही वाचलेली नाही. खरंच 'सगळं त्यात आहे' का? सिनेमा मूळ कादंबरीशी किती प्रामाणिक आहे? आधी काय करावं? लहानपणी एका कादंबरीतली माणसं माझ्या मनात घर करून होती. मोठेपणी तिच्यावरची मालिका पाहिली आणि ती माणसं कायमची पुसली गेली. आता आठवायचं म्हटलं तर नटांचेच चेहरे येतात. मुलीच्या बाबतीत ते होऊ नये असं फार वाटतं.

शेवट फोडू नका असं म्हणणार नाही. मला सगळं कळलेलं चालेल, तिला मी सांगणार नाही.

---

सातपूर_सेकंडशिफ्ट
२ मार्च, रात्री ११:५५

ताई, माझं मत सिनेमा आधी.

मी तिसरा भाग थेटरात पाहिला, पहिले दोन सीडीवर. पुस्तक त्यानंतर कित्येक वर्षांनी घेतलं आणि कंपनीच्या बसमध्ये जाता-येता वाचलं. सॉरॉन वेगळा, सारुमान वेगळा, एकेका माणसाला तीन-तीन नावं, नद्यांची नावं, डोंगरांची नावं. सिनेमा डोक्यात नसता तर शंभराव्या पानावर मी पुस्तक मिटलं असतं. चेहरे आधीच ओळखीचे होते म्हणून तरून गेलो. ज्याला वाचनाची सवय कमी आहे त्याला सिनेमा हात धरून आत नेतो.

तुमच्या मुलीने हॉबिट दोनदा वाचलंय म्हणजे तिला कदाचित ही गरज नसेल. पण इमारतीतल्या बाकीच्या पोरांचा विचार करा.

---

जुनी_जिल्द
३ मार्च, सकाळी ७:२०

भाच्याला सांगा, सगळं त्यात नाही. पण जेवढं आहे तेवढं फार मनापासून केलेलं आहे, हेही सांगा.

टोल्कीनची मूळ इंग्रजी कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. पीटर जॅक्सनचे सिनेमे २००१, २००२ आणि २००३ चे. तिन्ही मिळून सव्वानऊ तास होतात, आणि नंतर घरी बघण्यासाठी काढलेली विस्तारित आवृत्ती अकरा तासांच्या वर जाते. तरीही पुष्कळ गळलंय. गळलंय म्हणून मी सिनेमाला नावं ठेवत नाही. काय गळलं आणि त्यामुळे पुढे काय सुटलं, एवढंच बघतो.

सगळ्यांना पहिल्यांदा आठवतो तो टॉम बॉम्बाडिल. पहिल्या खंडात कथेचा नायक फ्रोडो आणि मित्र घरून निघतात, जुन्या जंगलात अडकतात, तेव्हा हा निळ्या कोटाचा, पिवळ्या बुटांचा, सारखा गाणी म्हणणारा माणूस त्यांना सोडवतो. जी घातली की माणूस दिसेनासा होतो आणि जी नष्ट करण्यासाठी हा सगळा प्रवास आहे, ती अंगठी तो बोटात घालतो आणि गायब होत नाही. अख्ख्या कादंबरीत जिच्यासमोर मोठमोठे हादरतात ती अंगठी याच्या हातात नुसतं कडं होऊन राहते. सिनेमात हा माणूसच नाही. कथा त्याच्यावाचून अडत नाही, म्हणून बहुतेक लोक ते मान्य करतात.

पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिची चर्चा कमी होते. बॉम्बाडिलच्या घरून निघाल्यावर ही मंडळी थडग्यांच्या टेकड्यांत सापडतात. तिथून तो त्यांना बाहेर काढतो आणि त्या थडग्यातल्या जुन्या तलवारी देतो. एक फ्रोडोचा मित्र मेरी याच्याकडे येते. पुढे तिसऱ्या खंडात नाझगूलांचा, म्हणजे शत्रूच्या काळ्या स्वारांचा राजा रणांगणावर उभा असतो, कुणाला हटत नाही, आणि हा छोटासा मेरी मागून त्याच्या गुडघ्यात ती तलवार खुपसतो. तिथे लेखक थांबून सांगतो की ही तलवार शेकडो वर्षांपूर्वी याच शत्रूविरुद्ध लढणाऱ्या लोकांनी घडवली होती, दुसऱ्या कुठल्याही पात्याने अशी जखम झाली नसती. ज्याने ती घडवली तो केव्हाच मातीत गेलाय, पण त्याचं काम आत्ता फळाला आलं. सिनेमात मेरी वार करतो, राजा कोसळतो, प्रसंग दिसतो जोरदार. पण पातं कुठलंतरी असतं. पहिल्या खंडात पेरलेलं तिसऱ्यात उगवतं, ते सिनेमात उगवत नाही, कारण पेरलेलंच नाही.

माझी खरी तक्रार फारामीरबद्दल आहे.

फ्रोडोबरोबर निघालेल्या बोरोमीर या योद्ध्याचा धाकटा भाऊ. कादंबरीत फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम त्याच्या हाती लागतात. त्यांच्याकडे नेमकं काय आहे हे कळण्याआधीच तो म्हणतो की ती वस्तू रस्त्यात पडलेली सापडली तरी मी उचलणार नाही. नंतर सॅमच्या तोंडून चुकून अंगठीचं नाव निघतं. आता फारामीरच्या हातात सगळं आहे. बापाची मर्जी, राज्याचं रक्षण, मेलेल्या भावाची जागा. आणि तो दिलेला शब्द पाळतो. त्यांना जेवू घालतो, झोपू देतो, सकाळी वाटेला लावतो. सिनेमात तो त्यांना बांधून ऑस्गिलिआथ शहरापर्यंत ओढत नेतो आणि तिथे कुठे त्याला उपरती होते. शेवटी सोडतो दोन्हीकडे, त्यामुळे कथेच्या नकाशात फरक पडत नाही. माणसात पडतो. मला तो खंड पहिल्यांदा वाचताना वाटलं होतं की या सगळ्या अंधारात एक तरी माणूस असा आहे जो मोहात पडतच नाही. तो सिनेमाने माझ्याकडून काढून घेतला.

तेव्हा पुस्तक आधी. निदान एकेक खंड आधी आणि मग त्याचा सिनेमा.

---

फ्रेमबायफ्रेम
३ मार्च, दुपारी १:१५

जुनी_जिल्द, तलवारीचं मान्य. फारामीरचं मात्र एडिटिंग टेबलावर बसून बघा. मी हेच काम करतो, म्हणून बोलतो.

दुसऱ्या खंडाची रचना विचित्र आहे. पहिला अर्धा भाग पूर्ण अरागॉर्न आणि मंडळींचा, त्यात फ्रोडो नावालाही नाही. दुसरा अर्धा भाग फक्त फ्रोडो, सॅम आणि अंगठीपायी वेडा झालेला गोल्लुम. वाचताना हे चालतं. सिनेमात नायकाला दीड तास गायब केलं तर प्रेक्षक विसरतो, म्हणून दोन्ही धागे एकमेकांत विणावे लागले. विणायचे म्हणजे तारखा जुळवायच्या. त्या जुळवल्या की शेलॉब, ती राक्षसी कोळीण, तिसऱ्या सिनेमात जाते, कारण मिनास तिरिथची लढाई जवळपास त्याच दिवसांतली आहे. आता दुसऱ्या सिनेमात फ्रोडोच्या वाट्याला शेवटचा कळसच उरला नाही. फारामीरने जेवू घालून सोडून दिलं तर त्याची कथा मध्येच संपते. आणि एक प्रामाणिक अडचण पटकथाकारांनी स्वतः बोलून दाखवली आहे: जिने बोरोमीरचा जीव घेतला ती अंगठी धाकट्या भावाने सहज नाकारली, तर पडद्यावर तिची भीतीच उतरते.

बोरोमीरचंच बघा. कादंबरीत त्याचा मृत्यू दुसऱ्या खंडाच्या पहिल्या प्रकरणात येतो. सिनेमाने तो पहिल्या भागाच्या शेवटी आणला, आणि पहिल्या भागाला खरा शेवट मिळाला. हा बदल नको होता असं म्हणणारा वाचक मला अजून भेटलेला नाही.

गॅन्डाल्फ या जादूगाराचं दयेबद्दलचं बोलणं कादंबरीत अगदी सुरुवातीला, फ्रोडोच्या घरी, शेकोटीपाशी आहे. सिनेमात ते मोरियाच्या खाणीत, काळोखात, गोल्लुम मागावर असताना येतं. मतलब तोच, शब्दही जवळपास तेच, जागा बदलली. माझ्या मते तिथे ते जास्त लागतं. याला मी प्रामाणिकपणा म्हणेन.

गोदाकाठ, दुसरा भाग दाखवाल तेव्हा विस्तारित आवृत्ती दाखवा. तिच्यात बाप आणि दोन भाऊ यांचा एक जुना प्रसंग आहे, त्याने फारामीर समजतो.

---

पंचवटीकर
३ मार्च, रात्री ९:०५

मी इंग्रजी कादंबऱ्यांचा वाचक नाही. नातवाबरोबर तिन्ही सिनेमे पाहिले आणि मग हट्टाने मराठी अनुवाद वाचून काढला. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे बोलायचं ते त्या अंगाने.

आपल्याकडे यासाठी शब्द आहेत आणि ते जपून वापरायचे असतात. भाषांतर म्हणजे भाषा बदलली. रूपांतर म्हणजे रूपच बदललं. तात्यासाहेब शिरवाडकरांनी मॅकबेथचं 'राजमुकुट' केलं, त्याला कुणी मूळ वाक्यांची मोजपट्टी लावत बसत नाही. कादंबरीचा सिनेमा हे रूपांतर आहे. त्याच्याकडे भाषांतराचा हिशोब मागितला तर दोघांवरही अन्याय होतो.

मोरोपंतांच्या नावावर १०८ रामायणं सांगतात. त्यात एक निरोष्ठ रामायण आहे. निरोष्ठ म्हणजे ज्यात ओठाला ओठ लागत नाही. प, फ, ब, भ, म ही अक्षरं वर्ज्य. आता विचार करा. 'म' वर्ज्य म्हणजे रामायणात 'राम' हा शब्दच लिहिता येणार नाही. तरी पंतांनी रामायण सांगितलं. वर्गात हे सांगितलं की दरवर्षी मुलं वहीत नाव लिहून ओठ हलवून बघायची.

सिनेमा मला तसा वाटतो. त्यालाही काही अक्षरं वर्ज्य आहेत. मनात चाललेलं त्याला बोलता येत नाही, सतरा वर्षं नुसती गेली हे सांगता येत नाही. कादंबरीत 'हॉबिट'मधल्या बिल्बोच्या वाढदिवसाला फ्रोडो ३३ वर्षांचा आहे आणि अंगठी घेऊन निघतो तेव्हा ५० चा. मधली सगळी वर्षं ती अंगठी घरात पडून आहे. सिनेमात हे थोड्याच दिवसांत उरकल्यासारखं वाटतं. ती त्या माध्यमाची वर्ज्य अक्षरं. फारामीरचं मात्र तसं नाही असं मला वाटतं. शब्द पाळणारा माणूस सिनेमाला दाखवता येतो. तिथे अक्षर वर्ज्य नव्हतं, टाळलं गेलं.

दुसरं. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, १८७० चा जन्म. त्यांनी १९१७ साली 'लंकादहन' केला, त्यात राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. अख्खं रामायण त्यांनी घेतलं नाही. गरज नव्हती, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाला आधीचं आणि नंतरचं पाठ होतं. आमच्या पंचवटीतल्या पोराला सीताहरण कुणी कसंही दाखवलं तरी त्याचं रामायण बिघडत नाही. ते घरातून, काळारामाच्या देवळातून, आजीकडून आधीच आलेलं असतं.

ताई, म्हणून म्हणतो. मुलीला आधी ऐकू द्या. कथा तिची झाली की सिनेमा कितीही वेगळा असो, तिच्या मनातलं कुणी पुसणार नाही. तुमच्या बाबतीत पुसलं गेलं म्हणता, तेव्हा तुम्ही ती कादंबरी किती वेळा वाचली होतीत?

---

गोदाकाठ
४ मार्च, सकाळी ६:५०

काका, एकदाच वाचली होती. तीही घाईत, वाचनालयात परत करायची म्हणून. हे मी असं कधी पाहिलंच नव्हतं.

ठरलं, खंड आधी आणि त्याचा सिनेमा नंतर. शनिवार पुढे ढकलायला सोसायटीतल्या बायकांना सांगते. सातपूरदादा, बाकीच्या पोरांचा मुद्दाही डोक्यात आहे. त्यांना वाटलं तर रात्रीच्या वाचनाला आमच्याकडे येऊन बसतील.

अजून दोन शंका. हॉबिटचेही सिनेमे आहेत ना? ते आधी दाखवू का, पुस्तक तर तिचं पाठच आहे. आणि तिला कोळ्याची भयंकर भीती वाटते. ती शेलॉब किती वेळ आहे?

---

जुनी_जिल्द
४ मार्च, सकाळी ९:३०

हॉबिटचे सिनेमे दाखवू नका. निदान आत्ता नको.

१९३७ चं ते तीनेकशे पानांचं पुस्तक, मुलांसाठी लिहिलेलं. त्याचे २०१२, २०१३ आणि २०१४ असे तीन सिनेमे केले. इथे उलटा प्रश्न झाला. कापावं लागलं नाही, भरावं लागलं. मोठ्या कादंबरीतला लेगोलस त्या पुस्तकात नाही, सिनेमात आहे. टॉरिएल नावाची योद्धी सिनेमासाठी घडवली आणि तिला एका बुटक्याबरोबर प्रेमकथा दिली. सगळ्यात खटकतं ते शेवटच्या लढाईचं. पुस्तकात बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो, तो बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा लढाई संपलेली असते. लेखकाला लढाईत रस नव्हता, घरी परतायला आतुर झालेल्या छोट्या माणसात होता. सिनेमात तिसऱ्या भागाचा मोठा हिस्सा तीच लढाई आहे. तुमच्या मुलीने दोनदा वाचलंय, तिला तिचा बिल्बो गर्दीत शोधावा लागेल.

कोळीण मोठी आहे आणि फार खरी वाटते. पण तिसऱ्या भागात आहे, म्हणजे तोवर तिने ते प्रकरण आजोबांच्या तोंडून ऐकलेलं असेल. काय होणार हे माहीत असलं की भीती अर्धी होते.

काल एक लिहायचं राहिलं. सिनेमाचा शेवट आणि कादंबरीचा शेवट एक नाही. अंगठी नष्ट होते, राज्याभिषेक होतो, चौघे घरी येतात, हे दोन्हीकडे आहे. सिनेमात घर जसंच्या तसं असतं. गावच्या खानावळीत पेले भरले जातात, कुणाला पत्ताही नसतो की हे कुठे जाऊन आले. कादंबरीत ते परततात तेव्हा शायर, त्यांचा मुलूख, ओळखू येत नाही. हरलेला दुष्ट जादूगार सारुमान त्यांच्याआधी तिथे पोहोचलाय. रस्त्याकडेची झाडं तोडलेली, बागा उखडलेल्या, गिरणीचा काळा धूर, दारादारावर नियमांच्या पाट्या, आणि गावातलीच काही माणसं त्याला सामील. शेवटून दुसरं प्रकरण आहे ते. जग वाचवून आलेल्या चौघांना आपलं गाव पुन्हा वाचवावं लागतं, आणि या वेळी गॅन्डाल्फ मदतीला येत नाही, मुद्दामच. इतके दिवस जे शिकलात ते आता तुम्हीच वापरा, असं सांगून तो वाटेतूनच निघून जातो.

सिनेमात याची फक्त एक झलक आहे, पहिल्या भागात, गॅलाड्रिएल राणीच्या जादूच्या आरशात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडचं हे रूपक आहे असं लोक म्हणू लागले, तेव्हा लेखकाने प्रस्तावनेत ते नाकारलं आणि लिहिलं की मी दहा वर्षांचा व्हायच्या आत माझ्या लहानपणाचा मुलूख उद्ध्वस्त होताना पाहिला होता.

सिनेमावाल्यांचं कारण मला समजतं. अंगठी गेल्यावर आणखी अर्धा तास नवी लढाई कोण बघणार? पण हे प्रकरण वगळून तुम्ही ही कादंबरी वाचली असं म्हणता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

---

फ्रेमबायफ्रेम
४ मार्च, सकाळी १०:१०

इथे वाद नाही. मला कापायला दिलं असतं तर मीही कापलं असतं, आणि कापल्याचं वाईटही वाटलं असतं.

---

अळूवडी
५ मार्च, दुपारी ४:२५

थोडं वेगळ्या वाटेने सांगू का? 'किती प्रामाणिक' हा प्रश्न असेल तर मुलीला पुढे आणखी दोन जोड्या नक्की द्या.

एक, डायना विन जोन्सची 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल', १९८६ ची. जपानी दिग्दर्शक मियाझाकीचा सिनेमा २००४ चा. इतका बदललेला सिनेमा मी दुसरा पाहिला नसेल. कादंबरीत हाऊल हा जादूगार आपल्या जगातला, वेल्समधला माणूस आहे, आणि किल्ल्याचं एक दार थेट त्याच्या बहिणीच्या घरी उघडतं. सिनेमात ते वेल्स नाही. कादंबरीत सोफीच्या बोलण्यात जादू आहे, ती टोप्यांशी, काठीशी बोलते आणि त्यांच्यात जीव येतो. सिनेमात ते गेलं. त्याऐवजी युद्ध आलं, आकाशभर बॉम्ब टाकणारी विमानं, जे पुस्तकात कुठेतरी कडेला होतं. मियाझाकीला त्या काळात इराकच्या युद्धाचा संताप होता, तो त्यात उतरलाय. आणि लेखिकेला सिनेमा मनापासून आवडला होता. म्हातारी झाल्यावर सोफी जी निर्धास्त होते, कुणाला न घाबरता बोलू लागते, ते दोन्हीकडे आहे.

दुसरी, मिखाएल एंडे यांची जर्मन 'नेव्हरएंडिंग स्टोरी', १९७९ ची, सव्वीस प्रकरणं, प्रत्येक प्रकरण वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने सुरू होतं. १९८४ चा सिनेमा पुस्तकाच्या साधारण अर्ध्यापर्यंतच जातो. जिथे सिनेमा टाळ्या घेतो तिथून पुस्तकात खरी कसोटी सुरू होते. मुलाच्या प्रत्येक इच्छेबरोबर त्याची एकेक आठवण जाते, शेवटी स्वतःचं नावही जातं. लेखक इतके दुखावले की कोर्टात गेले आणि हरले. प्रसंग पाहिले तर हा सिनेमा हाऊलपेक्षा मूळच्या जास्त जवळ आहे. पण मला यातच फसवणूक जास्त वाटते.

---

पंचवटीकर
५ मार्च, रात्री ८:४०

अळूवडीताई, आठवणी जाण्याचं हे वाचून अंगावर काटा आला. मराठीत आहे का हे?

---

अळूवडी
५ मार्च, रात्री ८:५५

मी इंग्रजीत वाचलं काका. तुम्हाला हवं असेल तर माझी प्रत देते, कॉलेज रोडला आहे मी.

---

गोदाकाठ
११ मे, रात्री ११:२०

सगळ्यांना सांगायचं राहून गेलं होतं. पहिला खंड एप्रिलअखेर संपला. मामंजी रोज साडेआठला बसायचे, समोर मुलगी आणि इमारतीतली तीन पोरं. बॉम्बाडिलची गाणी मामंजींनी चाल लावून म्हटली, पोरांना ती पाठ झालीत.

काल पहिला सिनेमा गच्चीवर झाला. नऊ पोरं होती. ज्यांनी ऐकलं होतं ती चौघं अर्ध्या तासाने कुजबुजू लागली, "बॉम्बाडिल कुठाय?" मुलगी म्हणाली, "तो घरीच असेल. हे लोक दुसऱ्या रस्त्याने गेले." मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

चेहऱ्यांचं विचारलं. म्हणाली, फ्रोडो माझा थोडा जाडा आहे आणि मोठा आहे. गॅन्डाल्फ मात्र हाच.

---

सातपूर_सेकंडशिफ्ट
१२ मे, सकाळी ६:१०

ज्या पाच पोरांनी ऐकलं नव्हतं त्यांचं काय झालं?

---

गोदाकाठ
१२ मे, सकाळी ७:३०

दोघं आज संध्याकाळपासून वाचनाला येणार आहेत. तुमचं म्हणणं त्यांच्या बाबतीत खरं ठरलं दादा.

---

गोदाकाठ
१६ जून, रात्री १०:१५

हे थोडं लांबेल.

दुसरा सिनेमा मेअखेर झाला, विस्तारित आवृत्तीच लावली. फारामीर त्यांना ऑस्गिलिआथला घेऊन निघाला तेव्हा मुलगी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आई, हा तो नाही." बाप आणि भावांचा तो प्रसंग तिला आवडला. पण घरी येईपर्यंत तिचं एकच चाललं होतं, शब्द दिला होता ना त्याने.

तिसरा खंड वाचायला वेळ लागला. शायरचं प्रकरण आलं त्या दिवशी मामंजी पाचसहा पानं वाचून थांबले. चष्मा काढून ठेवला. सॅमला तोडलेली झाडं दिसतात आणि तो रडतो, तिथे. मामंजींची नोकरी जिल्ह्याबाहेर गेली. निवृत्त होऊन गावी गेले तेव्हा त्यांच्या आजोबांनी लावलेली चिंचेची झाडं, शाळेच्या वाटेवरची सगळी रांग, गेलेली होती. हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन माहीत नव्हतं. त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं, पोरांसमोर. पुढचं मुलीने वाचलं. गॅलाड्रिएलने दिलेली माती सॅम एकेक कण करून गावभर टाकतो, प्रत्येक नव्या रोपाच्या मुळाशी, तिथवर.

तिसरा सिनेमा परवा झाला, शाळा सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा शनिवार. दुपारीच पाऊस आला म्हणून गच्चीऐवजी आमच्या हॉलमध्ये भिंतीवर लावला. कोळिणीच्या वेळी मुलीने डोळे मिटले नाहीत. मात्र त्याच्या आधी, फ्रोडो सॅमला 'घरी जा' म्हणतो आणि सॅम जिने उतरून निघतो, तेव्हा ती उठून उभी राहिली. "सॅम असा जाणारच नाही!" बाकीची पोरंही ओरडली. हे कुणीच आम्हाला आधी सांगितलं नव्हतं. पुस्तकात असं काही नाही, मामंजींनी नंतर पानं उलटून खात्री केली.

शेवटी चौघे खानावळीत बसतात. मामंजी म्हणाले, "एवढंच? झाडं?"

मग प्रोजेक्टर बंद केला. चार पोरं आयांबरोबर गेली, पाच थांबली. त्यातल्या दोघांनी ते प्रकरण ऐकलेलं नव्हतं. साडेअकरा वाजले होते, मामंजींचा घसा बसला होता, म्हणून मुलीनेच वाचायला घेतलं.

---

जुनी_जिल्द
१७ जून, सकाळी ७:००

सॅमला परत पाठवण्याचा तो प्रसंग मी तुम्हाला सांगायला हवा होता. यादीत माझ्याकडून राहिला. फारामीरपेक्षाही तो मोठा बदल आहे, आणि हे तुमच्या मुलीला माझ्याआधी दिसलं.

अंगठी नष्ट होते तिथे काय म्हणाली ती? कादंबरीत गोल्लुम आनंदाने नाचता नाचता तोल जाऊन पडतो, सिनेमात फ्रोडोशी झटापट होऊन पडतो.

---

गोदाकाठ
१७ जून, दुपारी २:४०

विचारलं. म्हणाली, पुस्तकातलं बरोबर आहे, कारण तिथे कुणीच जिंकत नाही.

आता अळूवडीताई, तुमची ती सव्वीस प्रकरणांची प्रत पंचवटीकर काकांची वाचून झाली असेल तर आम्हाला मिळेल का? इंग्रजी आहे हे माहीत आहे. मामंजी म्हणतात, वाचता वाचता मराठीत सांगेन. सोमवारी मी कॉलेज रोडला येणारच आहे.